भिंतीपलीकडचा सराव

शिवणकाम करणाऱ्या आईने लेकीला व्हायोलिनपाशी बसवायला लाडीगोडी करून पाहिली, धाक घालून पाहिला. शेवटी एकच नियम उरला: लेकीने आतल्या खोलीत वाजवायचं, आईने बाहेर मशीन चालवत ऐकायचं आणि सूर चुकला की ओरडायचं, "पुन्हा!"

रविवारी परीक्षा होती. या वेळी नापास झाली तर क्लासमधून नाव कमी होणार होतं. आई हट्टालाच पेटली होती.

पण लेकही तिचीच. तिने जुना सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवला होता. तो लावला, खोलीचं दार ओढून घेतलं आणि खिडकीतून पसार झाली.

नेहमीच्या जागी, वरच्या सुरावर, व्हायोलिन घसरलं.

"पुन्हा!"

व्हायोलिन थांबलं. तीच ओळ पहिल्यापासून आली, आणि सूर अचूक लागला.

"बघ, मनावर घेतलं की जमतं! आता पुढचं. सावकाश."

पुढचं सावकाश वाजू लागलं.

तेवढ्यात बाहेरच्या दारावर थाप पडली. आईने साखळी न काढता दार किलकिलं केलं. घामाघूम लेक उभी होती.

"आई, सॉरी गं. ते नुसतं रेकॉर्डिंग आहे. आता खरंच वाजवते, घे ना आत."

आईने मागे कान दिला. आत एकही सूर चुकत नव्हता.

"हळू बोल," ती म्हणाली आणि दार लोटू लागली. "तिचा सराव चाललाय."