उरलेले दोन वार

नागपूरला तीन घरे होती, अमरावतीला पाच. १९६१ साली फीची नादारी मला दोन्हीकडे मिळत होती, प्रश्न जेवणाचा होता. आठवड्याचा एकेक वार एकेका ओळखीच्या घरी जेवायचे होते, म्हणून मी अमरावतीचे कॉलेज धरले.

आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिलाच. दिग्रसला बाबांचे शिवणकाम होते. ते म्हणाले, "साती वार भरले तं जाय. नाही तं मशीनवर बस."

मी म्हणालो, "उरलेले दोन वार, सोमवार आणि शनिवार, मी पाण्यावर उपास धरणार आहे."

"एकादशीले दुपारपर्यंत तं दम निघत नाही तुले," आई हसली. पण बाबांनी जाऊ दिले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचलो, तो शनिवार होता. चूल थंड होती. धाकटी बहीण दाराशी पेंगत बसली होती.

"तू तिथं उपाशी, मंग आमाले घास कसा जाईन?" आई म्हणाली. "तू गेला तवापासून आमी तिघंबी तुयासंगं दोन्ही वार धरून राह्यलो. तू बीएस्सी झाला का सोडू."



बी.एस्सी.ला अजून साडेतीन वर्षे होती.