सत्काराचा कप

मुरबाडच्या व्यापाऱ्यांनी माझ्या नवऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. अख्ख्या बाजारपेठेत सगळ्यात कमी वीज आमच्या आइस्क्रीमच्या दुकानात जळते म्हणे. "फ्रीजरच्या दाराचं रबर बदललं, मागची जाळी पुसतो, बस!" हे माइकवर ऐटीत सांगत होते. मग आमच्याच दुकानातले कप वाटले. पोरंबाळं चाटूनपुसून खायला लागली. प्रमुख पाहुण्यांनी ह्यांच्या तोंडाशी चमचा नेला, तर हे मागे सरले.

"नको साहेब, उपास हाय."

"अहो, आइस्क्रीम चालतं उपासाला!"

मी उठले. "भरवाच साहेब. रोज दुकानाबरोबर फ्रीजर पण बंद करून येतात. सकाळी पाणी झालेलं परत गोठवून लोकांना विकतात. घरी एक कप आणत नाय. आज त्यांना पण खाऊ द्या."