पेटीचा क्लास

“साठ खुर्च्या कुणासाठी, पप्पा? वीस पुरे झाल्या.”

आरोहीचं खरं होतं. म्हणूनच राजेंद्रला ते झोंबलं. योगिनीला, त्याच्या बायकोला, जाऊन महिना झाला होता. एकतीस वर्षं तिनं रत्नागिरीत माणसांची मनं सावरली. दारावरच्या पाटीवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, गावाच्या तोंडी ‘वेड्यांची डॉक्टर’. तिच्याकडे जाऊन आलेला माणूस तिच्या स्मरणसभेला येईल कसा? आला, की शेजारचा विचारणारच, तुम्ही कसे काय ओळखता यांना? तिनं तर घरी एकाचंही नाव कधी काढलं नाही. जेवताना नाही, शेवटच्या आजारपणातही नाही. आपली बायको कुणाच्या तरी उपयोगी पडली, हे राजेंद्रला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एवढंच. म्हणून साठ खुर्च्या.

पाच वाजले. माणसं नऊ, त्यातली सहा घरची.

सव्वापाच. बावीस.

साडेपाचला आरोही बाजूच्या शाळेतून बाकं आणायला धावली.

पहिला बोलला दीपक, योगिनीचा धाकटा भाऊ, मुंबईहून आलेला. ताई भाट्याच्या समुद्रात पोहायची आणि बाहेर ये म्हटलं की आणखी आत जायची. मिरकरवाड्यात पापलेटासाठी घासाघीस करायची आणि शेवटी बांगडे घेऊन यायची. क्रिकेटच्या मॅचला अंपायरला अशा शिव्या घालायची, की शेजारी खिडकी लावून घ्यायचे. लोक खदखदून हसले. शोकसभेत हसावं की नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

मग मागून एक रुंद खांद्यांचा माणूस पुढे आला. गंगाराम, ट्रॉलरवरचा तांडेल. बोटीचं सुकाणू एका हातानं धरणाऱ्या त्या माणसानं माईक दोन्ही हातांनी धरला.

“मॅडमनी मला पेटी शिकवली,” तो म्हणाला. “भजनातली पेटी. तीन वर्षं, दर मंगळवारी. त्यांच्यामुळं मी आज हाय.”

आणि जाऊन बसला.

पेटीमुळं?

जनीबाई उठल्या, लांज्याकडून एसटीनं आलेल्या. “मी पन पेटीच शिकायला यायची. पोटचा झील गेल्यावर. दर गुरवारी.”

सानवी नावाची कॉलेजातली मुलगी उठली. “मला बारावीत शिकवली पेटी. नाहीतर मी परीक्षेला बसलेच नसते.”

बँकेतले एक साहेब उठले, घसा खाकरला, टाय सैल केला. “मीसुद्धा. म्हणजे, पेटीच.”

थांबा. या पेटीचं सांगायला हवं. ती योगिनीच्या वडिलांची. तिच्या तपासणीच्या खोलीत, कोपऱ्यात, फुलाफुलांच्या फडक्याखाली असायची. भाता उंदरांनी कधीच खाल्लेला, त्यामुळे आवाज शून्य. “भंगारात देऊ,” असं राजेंद्र दर दिवाळीला म्हणायचा. “असू दे हो, रोज लागते,” ती म्हणायची, आणि हसायची.

रोज लागते!

आत्ता त्याच्या डोक्यात उजेड पडला. वाटेत कुणी हटकलं, कुठे निघालात, तर सांगायला या सगळ्यांना तिनं एक उत्तर देऊन ठेवलं होतं. खोटं ठरू नये म्हणून खोलीत पेटीही ठेवली होती. आणि गंमत अशी, की हे उत्तर आपल्या एकट्याचंच, असं प्रत्येकाला वाटत होतं. आता ते माना वळवून एकमेकांना बघत होते. तू पण? अगंबाई, तू पण? बँकेतले साहेब आणि जनीबाई तर एकमेकांकडे बघून चक्क लाजले.

राजेंद्रनं खुर्च्या मोजायचं सोडून दिलं. लोक दारात उभे होते.

“अहो भावोजी!” दीपक ओरडला. माईक फिरून परत त्याच्याकडे आला होता. “ताईला कुठं पेटी यायची? बाबांनी हात टेकले होते तिच्यापुढं! शिकलात ना, मग वाजवा बघू कुणीतरी!”

मनात काही नव्हतं त्याच्या. पण सगळं सभागृह गार पडलं. सानवीनं ओढणी तोंडाशी नेली. साहेब घड्याळात बघू लागले. गावातले चार आगाऊ चेहरे पुढे झुकले. आता एक शब्द इकडेतिकडे झाला असता, तर एकतीस वर्षं झाकून ठेवलेलं सगळं उघड्यावर आलं असतं.

गंगाराम उठला.

शेवटी भजन होतं, त्यासाठी मंडळाची पेटी मांडून ठेवली होती. तो तिच्यापुढे बसला, भाता ओढला, आणि जाळं टाकावं तशी पाचही बोटं पट्ट्यांवर टाकली. बंदरात बर्फाचा ट्रक मागे घेताना होतो, तसला आवाज झाला. तो थांबला नाही. डोळे मिटून, मन लावून, चांगली दोन मिनिटं वाजवत राहिला.

मग सगळे दत्ताराम बुवांकडे बघू लागले.

पेटी त्यांच्या मंडळाची. अख्ख्या तालुक्यात त्यांच्या कानाचा धाक होता. सूर हलला, तर सख्ख्या भाच्यालाही भजनातून उठवणारा माणूस. सातव्या वर्षी वडिलांच्या मांडीवर बसून ते पेटी शिकले, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बुवा सावकाश उठले. टोपी सरळ केली. गंगारामच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“बरोबर वाजवलंस. मलापण मॅडमनी असंच शिकवलं.”