चारशे डॉलरचा कोट

१९९४ साली अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या कार कंपनीतून निवृत्त होताना राजारामांना आपली पेन्शन कोणत्या पर्यायाने घ्यायची ते ठरवायचं होतं. सल्लागाराने चारशे डॉलर फी सांगितली.

"फॉर्मच तर भरायचाय," म्हणत त्यांनी स्वतःच महिन्याला जास्त पैसे देणारा पर्याय निवडला. "शीला, पेन्सिलने फुली मारलीय, तिथं सही कर."

वाचलेल्या पैशांतून त्यांनी बायकोला लोकरी कोट घेतला.

दोन वर्षांनी ते गेले आणि त्याच महिन्यात पेन्शनही थांबली. तोच कोट घालून शीला पेन्शनच्या ऑफिसात चौकशीला गेली. तिथल्या बाईने जुना फॉर्म पुढे सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

'पतीच्या मृत्यूनंतर यातलं मला काहीही नको.'

 

खाली शीलाची मराठी सही होती, आणि शेजारी राजारामांची पेन्सिलची फुली.