लवंगेने केली चहाडी

नैवेद्याआधी पुरण चाखायचं नाही, हा वैजयंताबाईंचा कडक नियम. त्यांचा गुळाचा अंदाज कधीच चुकत नसे. सुनेचा, शाल्मलीचा, मात्र दरवर्षी चुके.

आज पुरण शिजलं आणि स्वयंपाकघरात लवंगेचा वास सुटला. दोघींनी गेल्याच आठवड्यात दातांत नवं फिलिंग करून घेतलं होतं. तोंडात गोड जाऊन जंतू वळवळले, की त्यातून लवंगेचं तेल पाझरून त्यांचा फडशा पाडायचं.

"शाल्मली, चाखलंस ना?" सासूबाई कडाडल्या.

त्यांच्या शब्दांबरोबर लवंगेचा भपकाराच आला. शाल्मली हसू दाबत म्हणाली, "मी नाही हो आई. पण गूळ बरोबर झालाय का?"

वैजयंताबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं. मग चमचा तिच्यापुढे धरत पुटपुटल्या, "किंचित कमी वाटतोय. दार लोटून घे आणि तूही बघ."