रिकाम्या खोलीचे ठोके

रिकाम्या खोलीत किरणोत्सर्गाच्या मीटरने एका मिनिटात अडतीस ठोके मोजले. आत दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याची बाटली आणि भिंतीवरचं घड्याळ होतं. माणूस एकही नव्हता. मोजणारीही मीटर टेबलावर ठेवून दाराबाहेर उभी होती. आधी रिकाम्या खोलीचं माप, मग माणसाचं, हा तिचा शिरस्ता. रुग्णालयात तिला सगळे मीटरवाली मॅडम म्हणत.

मग तिने काकूंना आत बोलावलं.

थायरॉइडच्या कर्करोगावर काकूंना किरणोत्सारी आयोडीनचा डोस दिला होता, त्याला आता तीन महिने होत आले होते. दोन आठवडे लहान मुलांपासून लांब राहा, असं मॅडमने तेव्हा बजावलं होतं. त्या दोन आठवड्यांचे तीन महिने मुलाने केले. तेव्हापासून काकू धाकट्या बहिणीकडे, शिलाई मशीनच्या खोलीत झोपत होत्या. मीटर शून्यावर आला की त्याच पावली घरी नेतो, असा मुलाचा शब्द होता. काकू आज बॅग भरूनच आल्या होत्या.

मुलगा उंबऱ्याबाहेर थांबला.

"आत या ना," मॅडम म्हणाली.

"नको, इथून दिसतंय."

"दिसतंय त्याला," काकू म्हणाल्या. "शाळेत पहिल्या बाकावरून फळा दिसत नव्हता."

मॅडमने मीटर काकूंच्या गळ्यासमोर धरला. टक्. जरा उसंत. टक् टक्. डोस घेतला त्या आठवड्यात हाच मीटर लाह्या फुटाव्यात तसा तडतडला होता. काकू हात मांडीवर ठेवून फोटो काढायला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

"वाजतंय," मुलगा दारातून म्हणाला.

"मिनिट तर भरू द्या."

मिनिट भरलं. "सदतीस," मॅडम म्हणाली. "रिकाम्या खोलीपेक्षा एक कमीच. काकू, खुशाल घरी जा. नातीला मांडीवर घ्या, पापे घ्या, काय हवं ते करा."

काकूंनी बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवला.

"पण शून्य कुठे आलं?" मुलाने विचारलं.

"शून्य कधी येतच नाही हो. थोडं विटांमध्ये असतं, थोडं मातीत असतं, थोडं आकाशातून येतं. तुमच्या-माझ्या अंगातही असतं."

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात. आठ दिवसांनी निम्मं, पुढच्या आठ दिवसांनी निम्म्याचं निम्मं, पूर्ण कधीच संपत नाही. मी घरी शब्दन् शब्द सांगितलंय."

ती म्हणाली होती खरी. कागदावर रेघही काढून दाखवली होती, खाली खाली जाणारी, तळाला कधीच न टेकणारी. गणित बरोबर होतं. रेघ काढून झाल्यावर 'पण शेवटी उरतं ते नसल्यातच जमा' असं ती बोलली होती, ते मात्र मुलाच्या घरापर्यंत पोहोचलेलं दिसत नव्हतं.

"अकरा वेळा निम्मं झालंय," ती सावकाश म्हणाली. "दोन हजारांतला एक भागही उरला नाही. तोही सगळं अंगात राहिलं असतं तर. बहुतेक तर पहिल्या चार दिवसांतच निघून गेलं."

"म्हणजे उरलंय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो भिंतीकडे तोंड करून बोलू लागला, पण आवाज आत येत होता. "हं. अजून वाजतंय. शून्य कसलं, सदतीस आहे... सदतीस! हो, हो, तेच सांगतो."

फोन खिशात टाकून तो वळला. "आई, अजून थोडे दिवस मावशीकडेच राहा. पोरगी लहान आहे गं. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

काकूंनी खांद्यावरचा पट्टा सारखा केला.

"चालायला लागली म्हणे ती?"

"चालायला? पळते आता घरभर."

"बरं झालं. म्हणजे मला बघून काय करायचं, ते शिकवायला नको."

त्या उठल्या. मॅडमच्या दंडावर हलकेच थोपटून म्हणाल्या, "तू नीट मोजलंस, बाई." त्या दारातून बाहेर पडल्या, तेव्हा मुलगा पाठ भिंतीला टेकवून सरकला आणि त्यांना भरपूर वाट दिली. बॅग त्यांच्याच खांद्यावर होती. लिफ्टचं दार उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज आला.

मग तो आत आला. आईची खुर्ची सोडून त्याने दुसरी ओढली, टेबलाजवळ घेतली आणि बसला.

"आता खरं सांगा, मॅडम," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आपल्यातच राहील. अजून किती दिवस धरायचे? बायको रोज विचारते. मला काय आईला न्यायचं नाही का? पण वाजतंय म्हटल्यावर..."

टेबलावरचा मीटर चालूच होता. टक्. टक् टक्.

मुलगा दचकला. "बघा! ती गेली तरी वाजतंय. काय काय सोडून गेली इथे!" त्याने आईची खुर्ची पायाने लांब ढकलली.

मॅडमने मीटर उचलला, त्याचं तोंड मुलाच्या गळ्याकडे वळवलं आणि बटण दाबलं.

"मला कशाला? मला काय झालंय?"

"हलू नका. एक मिनिट."

तो श्वास रोखून बसला. घड्याळाचा काटा फिरत होता.

मिनिट भरलं. त्रेचाळीस.