रोज वीस मिनिटं भांडण

आरोग्यकेंद्राच्या चिठ्ठीवर पल्लवीआजीचं औषध स्वच्छ लिहिलेलं होतं: रोज सकाळी वीस मिनिटं भांडण, शेजारच्या शीतलआजीशी. मनगटावरच्या पट्टीने वर्षभर मोजमाप केलं, तेव्हा केंद्राच्या संगणकाला कळलं, की गच्चीवर कुरडया घालताना दोघींचं वाजलं की पल्लवीआजीचा रक्तदाब मस्त उतरतो. भांडण गोळ्यांपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून गोळ्या बंद झाल्या.

आणि आता शीतलआजी मुलाकडे नागपूरला कायमची निघून गेली होती.

"बरं झालं, गच्ची मोकळी झाली," पल्लवीआजी म्हणाली. पण चार दिवसांत रक्तदाब इतका चढला, की पट्टी लालभडक झाली. नात रेवाने घाबरून स्वतःच भांडून पाहिलं.

"आजी, तुझ्या कुरडया वाकड्या असतात."

"असू देत गं सोन्या. जेवलीस का?"

पट्टी लालच. केंद्राने दुसरी भांडखोर शेजारीण सुचवली, तर आजी म्हणाली, "परक्या बाईशी मी काय भांडू?"

पाचव्या दिवशी ती कुरडया करायला बसली, तर पितळी सोऱ्याच गायब. तिने तडक नागपूरला फोन लावला.

"शीतल, माझा सोऱ्या तू नेलास?"

"नेला. आत्ता कळलं होय? चार दिवस फोनजवळ बसून आहे मी."

"चोरटी कुठली."

"आणि तू आळशी."

रेवाने पट्टीकडे पाहिलं. लाल रंग हळूहळू उतरत होता.

वीस मिनिटांनी आजीने विचारलं, "आणि सोऱ्याच्या चकत्या गं? त्याही नेल्यास?"

"चकत्यांचं उद्या," शीतलआजी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.